संस्थापक गेल्यावरचा अल्बम : बँड कुणाचा, गाणं कुणाचं?

गेल्या काही महिन्यांत नांदेड आणि लातूरमधल्या कार्यकर्त्यांनी आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. "तो गेला ना? मग आता तुम्ही कशाला गाता?" कुणी काळजीने विचारलं, कुणी टोमणा म्हणून. काहींनी तर सरळ सल्ला दिला की बँडचं नाव बदला, त्याची गाणी गाऊ नका, नव्याने सुरुवात करा. आम्ही यातलं काहीच केलं नाही. जुन्याच नावाने आठ गाण्यांचा अल्बम काढला. त्यातली चार गाणी त्याचीच आहेत, म्हणजे शब्द त्याचे, चाल त्याची, पण आवाज त्याचा नाही. हे आम्ही का केलं, हे जाहीरपणे सांगणं गरजेचं वाटतं. कारण हा प्रश्न आमच्या आठ जणांच्या बँडपुरता नाही, तो आंबेडकरी चळवळीच्या सवयीचा प्रश्न आहे.

आधी वस्तुस्थिती सांगतो. आम्ही नांदेड आणि लातूर या दोन शहरांतली पोरं-पोरी. कुणी कॉलेजात, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, कुणी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. सेकंडहँड गिटार, भाड्याने आणलेला ड्रमसेट, एक कीबोर्ड, ढोलकी आणि हलगी एवढ्यावर आमचा संसार उभा राहिला. रॉक आणि जलसा एकत्र करायचा ही कल्पना त्याची. पहिली गाणी त्याने लिहिली, चाली त्याने बांधल्या, गायचाही तोच. पोस्टरवर मोठा फोटो त्याचाच असायचा. दोन वर्षांपूर्वी तो बाहेर पडला. आता लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गातो, आणि निवडणुकीत एका पक्षाच्या उमेदवारासाठी प्रचारगीतंही गायला. तो पक्ष आपला नाही, एवढंच इथे पुरे.

यानंतर तीन मतं पुढे आली. पहिलं, संस्थापक गेला म्हणजे बँड संपला. दुसरं, तो गद्दार आहे, त्याचं नाव पुसा. तिसरं, त्याच्या गळ्याशिवाय त्या गाण्यांत जीव नाही. या तिन्ही मतांचा विचार आम्ही केला. तो करताना बाहेरच्या जगातही पाहिलं आणि आपल्या घरातही.

बाहेरच्या जगात या प्रश्नावर भरपूर भांडणं झालेली आहेत. पिंक फ्लॉइड हा इंग्लंडचा बँड. त्याला नाव देणारा, सुरुवातीची बहुतेक गाणी लिहिणारा सिड बॅरेट मानसिक अस्वास्थ्यामुळे १९६८ मध्ये बँडबाहेर गेला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला. त्यात बॅरेटचं एकच गाणं होतं आणि ते सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. बँड संपला नाही. उलट त्याचं सगळ्यात गाजलेलं काम त्यानंतरचं आहे, आणि १९७५ चा एक अल्बम तर निघून गेलेल्या त्या मित्राच्या आठवणीभोवतीच उभा आहे. पुढे १९८५ मध्ये दुसरा संस्थापक रॉजर वॉटर्स बाहेर पडला. माझ्याशिवाय हा बँड नाही, असं त्याचं म्हणणं होतं. प्रकरण कोर्टात गेलं, १९८७ मध्ये उरलेल्यांनी त्याच नावाने अल्बम काढला आणि त्या वर्षाच्या अखेरीस समझोता झाला. नाव एकाकडे, काही गाण्यांचे हक्क दुसऱ्याकडे. म्हणजे तिथे भांडण मालकीचं होतं.

जमैकातलं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन वस्तीतल्या बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर या तीन पोरांनी वेलर्स हा गट उभा केला. तिघांतले दोघे बाहेर पडले आणि १९७४ मध्ये मार्लीने त्यांच्याशिवाय पहिला अल्बम काढला. त्या दोन पुरुषांच्या आवाजांची जागा तीन स्त्रियांनी घेतली : रिटा मार्ली, मार्शिया ग्रिफिथ्स आणि ज्युडी मोवॅट. त्या अल्बममधल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं श्रेय कागदोपत्री व्हिन्सेंट फोर्ड या माणसाला आहे. तो वस्तीत गरिबांसाठी अन्नछत्र चालवायचा. गुलामीच्या इतिहासातून आलेल्या माणसांनी गाण्याचं श्रेय कसं वाटायचं याचा एक रस्ता तिथे दिसतो.

आता आपल्या घरात या. जलसा हा प्रकारच मुळात एका माणसाचा नाही. सत्यशोधक जलशांपासून ते भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशापर्यंत, उभी राहिली ती मंडळी. गाणारा, झील धरणारा, ढोलकीवाला, सोंग करणारा, हजरजबाबी सवाल-जवाब करणारा. जुन्या जलशांत स्त्रियांची कामंही बहुधा पुरुषच करत. आजारपण, पोटापाण्याची मजुरी, गावकीचा दबाव अशा कारणांनी माणसं गळत आणि नवी येत. जलसा चालू राही, कारण कवनं सगळ्यांना पाठ असत. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेही तिघांनी मिळून. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्येच गेले. त्यांची गाणी आजही मोर्च्यात गायली जातात. गाणारे त्यांच्या आवाजाची नक्कल करत नाहीत, आपापल्या आवाजात गातात.

वामनदादा कर्डकांचं उदाहरण तर रोजचं आहे. दादा १५ मे २००४ ला गेले. आज मराठवाड्यात अशी एक वस्ती दाखवा जिथे १४ एप्रिलला दादांचं गीत होत नाही. गाणाऱ्यांतल्या बहुतेक तरुणांनी त्यांना पाहिलेलंही नाही. मग त्या गाण्यांत जीव कुठून येतो? आणि इतके गळे बदलूनही ते गीत दादांचं आहे हे पुसलं का गेलं नाही? कारण शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफलेलं असतं. चोखोबांपासून चालत आलेली ही नाममुद्रेची रीत आहे. ज्यांच्याकडे छापखाना नव्हता, वकील नव्हता, कॉपीराइटचं कार्यालय माहीत नव्हतं, त्यांनी आपली सही गाण्याच्या आत करून ठेवली. गाणं कुणीही गावं, गावोगाव न्यावं, पण रचणाऱ्याचं नाव त्याला तोडता येणार नाही. आम्हाला हा न्याय इंग्लंडच्या कोर्टातल्या समझोत्यापेक्षा मोठा वाटतो. तिथे नाव आणि गाणी वाटून घ्यावी लागली. इथे गाणं सगळ्यांचं आणि श्रेय रचणाऱ्याचं, दोन्ही एकाच कडव्यात सांभाळलं गेलं.

म्हणून आम्ही त्याची चार गाणी गायली आणि प्रत्येक गाण्याखाली गीतकार आणि संगीतकार म्हणून त्याचं नाव लिहिलं. त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "गा. पण नीट गा." या गाण्यांतून काही पैसा आलाच तर गीतकार-संगीतकाराचा वाटा त्याला जाईल, हे कागदावर लिहून सह्या केल्या. काहींना हे पटलं नाही. ते म्हणाले, गद्दाराला श्रेय कसलं? आमचं उत्तर साधं आहे. आपल्या पूर्वजांचं श्रम, ज्ञान आणि गाणं वापरून त्यांचं नाव पुसणं हेच तर जातिव्यवस्थेने हजारो वर्षं केलं. ती पद्धत आपल्यातल्या आपल्यात वापरायला आम्ही तयार नाही.

आता 'गद्दार' या शब्दाकडे येऊ. हा शब्द आपल्या चळवळीत फार स्वस्त झाला आहे. तो उच्चारण्याआधी जयंतीचा हिशेब बघा. वर्गणी गोळा होते. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम जाते, मंडपवाल्याला जाते, लाइटवाल्याला जाते. गाणाऱ्याला मिळते शाल, पुष्पगुच्छ आणि फार तर प्रवासखर्च. नांदेडहून लातूरला लोहा-अहमदपूर मार्गाने रात्री वाद्यं घेऊन परत यायचं तर गाडीचं भाडंच खिशातून जातं. "समाजासाठी गाता ना, मग पैसे कसले?" असं मंचावरचा वक्ता विचारतो, आणि त्याची स्वतःची गाडी डिझेल भरून आयोजकांनीच पाठवलेली असते. ज्या पोराचा बाप आडत बाजारात हमाली करून पाठीच्या दुखण्याने घरी बसला आहे आणि जिच्या फीची तारीख उलटली अशी बहीण घरात आहे, तो किती वर्षं शालीवर गाणार? घरात शाली किती झाल्या ते त्याच्या आईला विचारा.

पोटासाठी दुसरं गाणं म्हणजे गद्दारी असेल, तर आपल्या इतिहासातली अनेक मोठी नावं पुसावी लागतील. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीतं गायली आणि पंढरीची भक्तिगीतंही गायली. दोन्ही घराघरांत पोहोचली. त्यांनी भक्तिगीत गायलं म्हणून त्यांचं भीमगीत खोटं ठरलं नाही. ऑर्केस्ट्रात गाणं हा व्यवसाय आहे आणि व्यवसायाला आमचा आक्षेप नाही.

प्रचारगीताचं तसं नाही. तिथे आमचा आक्षेप आहे आणि तो आम्ही त्याला तोंडावर सांगितला आहे. लग्नात गाताना तुम्ही तुमचा गळा भाड्याने देता. पण जो पक्ष संविधानाची भाषा बोलतो आणि वस्तीवर हल्ला झाला की गप्प बसतो, त्याच्यासाठी बाबासाहेबांचं नाव घालून गीत गाता, तेव्हा ते नाव भाड्याने देता. ते तुमच्या एकट्याचं नाही. हा फरक आम्ही शेवटपर्यंत करणार. पण फरक करणं वेगळं आणि माणूस पुसणं वेगळं. त्याच्या आजच्या भूमिकेला विरोध आहे, म्हणून काल लिहिलेलं खरं गाणं खोटं होत नाही.

आता पहिल्या मताकडे, म्हणजे संस्थापक गेला की सगळं संपलं. हे मत मराठवाड्यात कुणी मांडावं याचं आम्हाला आश्चर्य वाटतं. दलित पँथर १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही संस्थापकांची नावं आपल्याला पाठ आहेत. १९७४ मध्ये फूट पडली, १९७७ मध्ये राजा ढाले यांनी पँथर बरखास्त केल्याचं जाहीर केलं. गोष्ट इथे संपली का? अरुण कांबळे, गंगाधर गाडे, रामदास आठवले आदींनी भारतीय दलित पँथर उभी केली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्या ऑगस्टमध्ये मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. हा साडेपंधरा वर्षांचा लढा मूळ पँथर बरखास्त झाल्यानंतरचा आहे. बरखास्तीची घोषणा ऐकून सगळे घरी बसले असते तर?

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचं म्हणणं अर्धं राहील. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्याचे किती गट झाले हे आता मोजणंही कुणी सोडून दिलं आहे. प्रत्येक गट म्हणतो, नाव आमचं, वारसा आमचा. तिथे नावासाठी भांडण आहे, काम मात्र शोधावं लागतं. म्हणजे संस्थापकानंतर नाव टिकवणं एवढ्याने काही सिद्ध होत नाही. नावाखाली काम चालू आहे का, हाच निकष. आमच्या बँडलाही तोच लावा. आम्ही फक्त जुन्या नावावर कार्यक्रम घेत असू, तर आम्हाला बंद पाडा. नवी गाणी, नवे गायक, नव्या वस्त्या यांचा हिशेब देत असू, तर नाव बदलायला सांगू नका.

कबीर कला मंचाकडेही पाहा. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यात ही मंडळी एकत्र आली. २०११ मध्ये अटकसत्र झालं, काही जण भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. शीतल साठे त्या वेळी गरोदर होत्या. त्यांना जूनमध्ये जामीन मिळाला, सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जानेवारी २०१७ मध्ये. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. शीतल साठे आणि सचिन माळी यांनी नवयान महाजलसा सुरू केला, इतरांनी मंच चालू ठेवला. सप्टेंबर २०२० मध्ये मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक झाली. त्यांच्या राजकारणाशी कुणाचे मतभेद असतील, ते मांडावेत. पण सगळ्यात ओळखीचा आवाज बाहेर पडल्यावरही मंच गात राहिला, आणि बाहेर पडलेला आवाजही गात राहिला. एका गटाची दोन केंद्रं झाली आणि श्रोत्यांनी दोन्ही ऐकली.

विलास घोगरे यांची आठवण मात्र आम्हाला गप्प करते. आव्हान नाट्य मंचाचा हा शाहीर. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. चार दिवसांनी घोगरे यांनी डोक्याला निळं कापड बांधून आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट तिथूनच सुरू होतो. गाणारा माणूस निघून जाण्याचा हाही एक प्रकार आहे. म्हणून आम्ही म्हणतो, जो जिवंत आहे, जो फोन उचलतो, "नीट गा" म्हणतो, त्याच्याशी नातं तोडायची घाई करू नका.

आणि तिसरं मत, त्या गळ्याशिवाय गाण्यात जीव नाही. तो फार मोठा गायक आहे, यात वाद नाही. त्याच्या वरच्या पट्टीतलं ते रॉकचं ओरडणं आमच्यात कुणालाच जमत नाही. म्हणून आम्ही ते केलंच नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्या पाण्याच्या रांगेवरचं त्याचं गाणं आता नर्सिंगला शिकणारी आमची एक मैत्रीण गाते. पट्टी खाली आणली, गिटार बाजूला ठेवली, पहिलं कडवं फक्त हलगीवर घेतलं. तो गायचा तेव्हा त्या गाण्यात राग होता. ती गाते तेव्हा रांगेत घागर घेऊन पहाटेपासून उभं राहिलेलं शरीर त्यात येतं. कारण त्या रांगेत ती उभी होती, तो नव्हता. हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही की ते एक गाणं आता जास्त खरं झालं आहे. बाकी तीन त्याच्याइतकी चांगली झालेली नाहीत, तेही ऐकणाऱ्याला कळेल.

हे सगळं एवढ्या गांभीर्याने का लिहायचं? गाणंच तर आहे, असं कुणी म्हणेल. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाचा जीव गेला, आणि भांडणाची सुरुवात मोबाईलवरच्या भीमगीताच्या रिंगटोनवरून झाली होती. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेरावचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता. आपल्याकडे गाणं वाजवण्याची किंमत ही आहे. अशा ठिकाणी चळवळीचं गाणं एकाच गळ्यात ठेवणं परवडत नाही. एक गळा विकत घेता येतो, तुरुंगात टाकता येतो, थकतो, आजारी पडतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. विभूतिपूजा माणसाला अधोगतीकडे नेते, हे ते सांगून गेले. तो इशारा नेत्यांपुरता नाही, गायकांनाही लागू होतो. पोस्टरवर एकच फोटो मोठा छापणारी मंडळी तो तोडत असतात.

म्हणून नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीतल्या सगळ्या गायन पार्ट्यांना, बँडना आणि जयंती समित्यांना आमचं सांगणं आहे. प्रत्येक गाणं किमान तिघांना पाठ असलं पाहिजे आणि त्या तिघांत एक तरी मुलगी असली पाहिजे. गीतकार, संगीतकार, वादक यांची नावं प्रत्येक वेळी जाहीर करा, तो माणूस आज तुमच्यासोबत असो वा नसो. मानधनाचा आकडा कार्यक्रमाआधी लिहून द्या आणि तो साउंडच्या बिलाबरोबरच चुकता करा. गट सोडणाऱ्याशी हिशेब कागदावर करा, भांडण व्हॉट्सॲप ग्रुपवर करू नका. आणि 'खास आकर्षण' म्हणून एकाचाच फोटो छापणं बंद करा, सगळ्या मंडळींची नावं छापा.

अल्बममध्ये आठ गाणी आहेत. जुनी चार त्याची, नवी चार आमची. नव्या चारांपैकी दोन कच्ची आहेत असं आमच्यातल्याच काहींचं मत आहे आणि त्यावर आमचा वाद अजून चालू आहे. तुम्ही ऐका आणि कोणती दोन ते कळवा. येत्या जयंतीला ज्या वस्तीत गायला कुणी जात नाही तिथे बोलवा. मानधन आधी ठरवू, आणि आमची गाणी तुमच्या पोरांना शिकवून मगच परत येऊ.

जय भीम!